पात्रांचं भांडण खेळाडूंवर आलं तर?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. यात प्रत्येक खेळाडू एक पात्र रंगवतो. गोष्ट चालवतो तो डंजन मास्टर. चोर पात्रानं सोबत्याचीच थैली लांबवली, तर कथेला रंगत येते. पण थैली गेलेला खेळाडू खरोखर चिडला, की डाव मोडतो. ‘माझं पात्र असंच वागणार’ ही सबब चालत नाही. पात्राचा स्वभाव खेळाडूच ठरवतो. म्हणून चोरी, दगा, आपसातली मारामारी चालेल का, हे आधीच्या बैठकीत, म्हणजे ‘सेशन झीरो’त ठरवावं. ‘पॅरानॉइया’ (१९८४) या खेळात दगाबाजी हाच गाभा, पण तिथं सगळे ते जाणूनच बसतात. मध्येच वाद पेटला, तर फासे खाली ठेवा, आधी माणसांशी बोला.