टाळीमागचा इतिहास

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा महामार्ग डहाणू व तलासरी तालुक्यांतून गुजरातेत शिरतो. पश्चिम किनाऱ्याने लोहमार्गही तिकडेच जातो. या दोन्ही वाटांवर टाळी वाजवून पैसे मागणाऱ्या तृतीयपंथी व्यक्ती आपण पाहतो. त्यांतील काही जणी देहविक्रय करतात, हेही आपल्याला ठाऊक असते. ‘हे लोक कामधंदा का करीत नाहीत?’ हा प्रश्न डहाणूच्या गाडीत मी अनेकदा ऐकला आहे. प्रश्न विचारणारा सहसा उत्तरासाठी थांबत नाही; पण इतिहासापाशी त्याचे उत्तर आहे.

मराठेशाहीत हिजड्यांना गावोगाव फिरून धान्य व पैसा मागण्याचे हक्क होते. ते सनदांनी मान्य झालेले असत आणि गुरूकडून चेल्याकडे वारशाने जात. काहींना जमिनीही होत्या. कुलकर्ण्याच्या किंवा जोश्याच्या हक्काप्रमाणे तोही एक हक्कच होता. आज आपण ज्याला भीक म्हणतो, त्याला तेव्हा दप्तरात जागा होती.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकारने ही दप्तरे चाळावयास घेतली. पूर्वीच्या राज्याने दिलेले हक्क आपण का पुरवावे, हा प्रश्न निघाला. १८५२ च्या इनामविषयक कायद्यात, सार्वजनिक सभ्यतेला बाध आणणाऱ्या अटींवरची इनामे चालू ठेवू नयेत, असा दंडक होता. हिजड्यांचे हक्क या दंडकात सहज अडकले. तलवार उपसावी लागली नाही. एका शेऱ्याने काम झाले.

उत्तरेत सरकार याच्याही पुढे गेले. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदणी सांगितली होती. नोंद झालेल्याने स्त्रीवेषात रस्त्यावर यावे किंवा चारचौघांत नाचावे, तर दोन वर्षांपर्यंत कैद होती. त्याला दत्तक घेता येईना, मृत्युपत्र करता येईना. दत्तकाची बंदी मला सर्वांत क्रूर वाटते. ज्यांना रक्ताचे घर उरलेले नाही, त्यांचे मानलेले घरही तिने बेकायदा ठरवले.

तरी ते घर टिकले. मुंबईत हिजड्यांची सात घराणी सांगतात. घरच्यांनी हाकललेल्या पोरीला तिथे गुरू मिळते, गुरुबहिणी मिळतात, आजारात पाणी देणारे कोणी असते. उलट कमाईतला वाटा गुरूला द्यावा लागतो आणि मर्जी राखावी लागते. आधार आहे, पण तो फुकटचा नाही. शिवाय बधाईला जाणारी मानाची आणि धंदा करणारी हलकी, अशी उतरंड त्या समाजातही आहे. ज्या आपल्या बाळाला तिचा आशीर्वाद हवा असतो, त्या आपल्याच चाळीत तिला खोली मिळत नाही. आणि आपल्याच लोकांत ती धंद्यामुळे खाली बसते. असा हा दुहेरी कलंक.

एड्सच्या साथीनंतर आधाराची दुसरी रीत आली. १९९६ साली सांगलीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. पुढे तिथेच पुरुष व तृतीयपंथी यांची ‘मुस्कान’ ही संघटना झाली. मुंबईत २००० साली गौरी सावंत यांनी ‘सखी चारचौघी’ स्थापन केली. येथे आजार व पोलीस यांची भीती एकत्र बसून बोलता येऊ लागली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंग मान्य केले. त्या दाव्यात गौरी सावंत आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी या दोघी होत्या. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्यांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे असे बजावले.

सगळे खापर इंग्रजांवर फोडणे मात्र खरे नव्हे. मुलाला घराबाहेर काढताना कोणत्या कलमाचा आधार आपण घेतो? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद ‘इतर’ या रकान्यात झाली. त्यांतील प्रत्येक जण कोणाच्या तरी घरात जन्मली होती. त्यांनी काम का सोडले, हे विचारण्याआधी त्यांचे काम कोणी काढून घेतले आणि त्यांच्यासाठी दार कोणी लावले, एवढे विचारले तरी पुरे.