हायस्कूलच्या पहिल्या दिवशी पोराने काय घालायचं? आपल्या पालघरमधला या प्रश्नाचा इतिहास

जून लागला की बोईसरच्या बाजारात छत्र्या, वह्या आणि गणवेश यांची एकदमच गर्दी होते. चौथी, सातवी किंवा आठवी संपवून हायस्कूलला जाणाऱ्या मुलांचे आईबाप या दिवसांत हमखास एक प्रश्न विचारतात. पहिल्या दिवशी पोराला काय घालून पाठवू? जिल्हा परिषद शाळेचा ड्रेस आहे, तो चालेल का? नवीन घ्यायचा तर पगार व्हायचाय.

प्रश्न कपड्याचा वाटतो, पण तो तेवढाच नाही. म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय. पोस्ट लांब आहे, वेळ काढून वाचा.

गणवेश ही मुळात श्रीमंतांच्या शाळेची गोष्ट नव्हती. १५५२ साली लंडनमध्ये ख्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची शाळा निघाली, ती गरीब आणि अनाथ मुलांसाठी. तिथल्या मुलांना लांब निळा कोट दिला गेला आणि तो अजूनही तिथला गणवेश आहे. म्हणजे अंगावर कपडा नाही म्हणून शाळेनेच तो द्यायचा, अशी ही सुरुवात. पुढे बड्या घरच्या मुलांच्या शाळांनी गणवेश उचलला आणि तो प्रतिष्ठेचा झाला. आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला तो हा दुसरा गणवेश.

आपल्याकडे मात्र कपड्याला आणखी एक अर्थ होता. कोणी काय नेसायचं, कसं नेसायचं, गुडघ्याच्या वर की खाली, हे जात ठरवायची. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की ज्या पेहरावावरून तुमची अस्पृश्यता ओळखू येते तो सोडा, लुगडं इतर बायकांसारखं नेसा. तळ्याच्या पाण्यासाठी लढा चालू असताना हा माणूस लुगड्याबद्दल का बोलला, याचा विचार करून बघा. समोरचा माणूस तोंड उघडण्याआधी कपडा बघतो आणि तिथेच ठरवून टाकतो, हे बाबासाहेबांना पक्कं ठाऊक होतं.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. १९४५ हे वर्ष आपल्याकडे दोन गोष्टींसाठी लक्षात ठेवायला हवं. त्या वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली तलासरी-डहाणू भागातला वारली वेठबिगारीविरुद्ध उभा राहिला. आणि त्याच वर्षी ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, त्यांच्यासोबत अनुताई वाघ. त्यांनी बालवाडी काढली. गावातल्या बऱ्या घरची मुलं आली, पण हरिजनवाड्यातली मुलं येईनात. का येईनात? अंगावर धड कपडा नाही, आंघोळ नाही, केस पिंजारलेले. अशा पोराला चांगल्या मुलांच्या ओळीत बसवायला आईलाच लाज वाटायची.

ताराबाई-अनुताईंनी काय केलं? आधी कपडे घेऊन या, असं सांगितलं नाही. त्या बालवाडी घेऊन वाड्यातल्या अंगणात गेल्या. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं हा शाळेच्याच कामाचा भाग केला. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातून आला आणि आज तो देशभर चालतो. १९५७ साली संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली. तिथे वारल्यांची मुलं दिवसभर गुरं राखायची, शाळेला येऊच शकत नव्हती. तर शाळा कुरणात गेली आणि तिचं नाव पडलं कुरणशाळा. मूल जसं आहे, ज्या कपड्यात आहे, तसं त्याला घ्यायचं आणि मग हळूहळू पुढे न्यायचं, ही पद्धत आपल्याच मातीत तयार झाली आहे. हे आपणच विसरलो तर काय उपयोग?

यानंतरच्या काळात आला पांढरा शर्ट आणि खाकी चड्डी. आपल्यापैकी कित्येकांनी शाळेची सगळी वर्षं यातच काढली. त्यातही हायस्कूलला जाण्याची खूण कपड्यातच होती. आठवीला मुलाची हाफ पँट सुटायची आणि फुल पँट यायची. मुलीचा फ्रॉक जाऊन स्कर्ट-ब्लाऊज आणि नंतर पंजाबी ड्रेस, ओढणी, दोन वेण्या, लाल रिबिनी. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पाठोपाठ एमआयडीसी आली, आणि मच्छीमार, वाडवळ, आदिवासी मुलांच्या शेजारी देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या कामगारांची मुलं बसू लागली. भाषा वेगळ्या, डबे वेगळे, पण शर्ट एकच. गणवेशाचं हे मोल मी नाकारत नाही. सगळ्यांना रंगीत कपडे घालू द्या म्हटलं तर रोज ज्याच्याकडे दुसरा जोड नाही तोच उघडा पडेल.

पण हा शर्ट येतो कुठून? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आज समग्र शिक्षा योजनेत पहिली ते आठवीच्या मुलांना वर्षाला २ गणवेश मिळतात, एकाला ३०० रुपये धरून ६०० रुपये. आधी हे सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती-जमाती, दारिद्र्यरेषेखालच्या मुलांपुरतं होतं. २०२३ मध्ये राज्याने उरलेल्या मुलग्यांनाही त्यात घेतलं, बूट-मोजेही देऊ केले. चांगलं झालं. (३०० रुपयांत बोईसरला शर्ट-पँट शिवून होते का, ते ज्याचं त्याने बघावं.)

मग २०२४ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ आला. आकाशी शर्ट, गडद निळी पँट. सातवीपर्यंत मुलांना हाफ, आठवीला फुल. आठवीच्या मुलीला सलवार-कमीज. कापड वरून येणार, शिवणार बचत गटाच्या महिला. कागदावर छान. प्रत्यक्षात १५ ऑगस्टचं झेंडावंदन आलं तरी राज्यातल्या अनेक शाळांत गणवेश पोचले नव्हते, आणि पोचले तिथे मापांची बोंब. वर्ष संपायच्या आत सरकारने निर्णय फिरवला आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. पोराचं माप मुंबईत बसून घेता येत नाही, हे कळायला एक वर्ष गेलं.

आता खरी मेख. हा मोफत गणवेश फक्त सरकारी आणि जिल्हा परिषद-नगरपालिकांच्या शाळांत मिळतो. पाड्यावरची शाळा चौथी-पाचवीपर्यंत, कुठे सातवी-आठवीपर्यंत. पुढचं हायस्कूल बहुतेक वेळा खाजगी संस्थेचं, अनुदानित. तिथे पाऊल टाकलं की गणवेश घरच्या पैशाने. आश्रमशाळेत गेलं तर आदिवासी विभाग खर्च उचलतो, पण घरून ये-जा करणाऱ्या मुलाचं काय? आणि नववीपासून तर कायद्याचंही छत्र नाही. म्हणजे कालपर्यंत ज्याला सरकार कपडा देत होतं, त्याच मुलाला, त्याच बापाच्या त्याच मजुरीत, एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर दोन ड्रेस, बूट, मोजे, टाय, पट्टा असं सगळं विकत घ्यायचं असतं. तेही जूनमध्ये, जेव्हा घरात बियाण्याचा आणि छपराच्या प्लास्टिकचा खर्च असतो.

पहिलीत जाणाऱ्या मुलासाठी शाळापूर्व तयारी मेळावा होतो, फुलं देऊन स्वागत होतं. ते व्हायलाच हवं. हायस्कूलला जाणाऱ्या मुलाचं स्वागत बऱ्याचदा ‘गणवेश कुठाय?’ या प्रश्नाने होतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला चारचौघांत उभं करून हे विचारलं की ते दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणतं. तिसऱ्या दिवशी बापाबरोबर वीटभट्टीवर किंवा बोटीवर दिसतं. गळतीचे तक्ते तयार करताना हे कारण कुठल्या रकान्यात लिहायचं?

म्हणून मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं:

पालकांनो, पहिल्या दिवशी जुना स्वच्छ ड्रेस घालून बिनधास्त पाठवा. जिल्हा परिषद शाळेचा असला तरी चालेल. पावसात चामडी बुटांपेक्षा प्लास्टिकचे सँडल बरे. नवा ड्रेस घ्याल तेव्हा माप जरा वाढीव घ्या. ठराविक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. आणि आठवीपर्यंतच्या मुलाचा मानसिक छळ करायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी घातली आहे. गणवेशावरून पाणउतारा करणं हा छळच आहे.

मुख्याध्यापकांनो, गणवेशासाठी गणपतीपर्यंत मुदत द्या आणि ती पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर जाहीर करा. दहावी पास होऊन गेलेल्या मुलांचे ड्रेस जमा करा, धुऊन ठेवा, आणि गुपचूप द्या.

सरपंच आणि सदस्यांनो, आपल्या पेसा ग्रामपंचायतींना ५ टक्के अबंध निधी येतो, शिक्षण हा त्यातला एक विषय आहे. हायस्कूलला जाणाऱ्या मुलांच्या गणवेशाचा विषय मेच्या ग्रामसभेत मांडा. तारापूर एमआयडीसीत कापड विणणारे आणि रंगवणारे कारखाने आहेत, त्यांच्याकडेही सामाजिक निधीतून कापड मागायला हरकत नाही. शिवायला बचत गट गावातच आहेत, आणि माप घ्यायला मूल समोर उभं असेल.

तुमच्या गावातलं हायस्कूल पहिल्या दिवशी काय करतं? कमेंटमध्ये लिहा. शाळेचं नाव नको, फक्त काय घडतं ते सांगा. चांगलं घडत असेल तर तेही नक्की लिहा, बाकीच्यांना उचलता येईल.