दिनविशेष : १ जानेवारी – विदर्भाचा पहिला रणजी करंडक

२०१८ : इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीला ९ गडी राखून हरवत विदर्भाने पहिल्यांदाच रणजी करंडक जिंकला. १९५७-५८पासून स्पर्धेत असलेल्या या संघाला त्याआधी अंतिम फेरीही गाठता आली नव्हती. मुंबईचे चंद्रकांत पंडित याच हंगामात मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. वर्षभरापूर्वी याच मैदानावर त्यांचा मुंबई संघ गुजरातकडून अंतिम सामना हरला होता. कडक शिस्तीचा हा माणूस विदर्भाला मानवला. उपांत्य फेरीत कर्नाटकाविरुद्धचा विजय अवघ्या ५ धावांचा. रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात ७ बळी टिपले. अंतिम सामन्यात तर त्याने हॅट्‌ट्रिकच साधली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती केवळ दुसरी! यष्टिरक्षक अक्षय वाडकरने शतक ठोकले, अनुभवी वसीम जाफरने विजयी फटका मारला आणि कर्णधार फैज फजलने करंडक उंचावला. मोठ्या नावांपेक्षा घरच्या पोरांवर उभे राहिलेले हे यश महाराष्ट्रातल्या प्रत्येक लहान गावच्या क्रिकेटपटूने अभिमानाने सांगावे असे आहे. पुढच्याच हंगामात नागपुरात सौराष्ट्राला नमवून विदर्भाने करंडक राखला.