देवघरातला शाळिग्राम आणि गंडकीचा किनारा

आज टेबलावर पाच दगड मांडून ठेवले आहेत. जुन्या वाड्यात वाढलेल्यांनी ते आल्याआल्या ओळखले असतील. हे पंचायतन. तांबडा तो शोण नदीतला, म्हणजे गणपती. लांबट गुळगुळीत तो नर्मदेचा बाण, शंकर. स्फटिक म्हणजे सूर्य, पिवळसर चमकणारा सुवर्णमाक्षिक म्हणजे देवी. आणि हा काळा वाटोळा, गंडकीचा शाळिग्राम, विष्णू. यांतले चार नुसते खडक किंवा खनिजं आहेत. पाचवा मात्र एका प्राण्याचा अवशेष आहे. हे कशावरून ओळखायचं आणि आपल्या आधी ते कुणी कुणी ओळखलं, एवढंच आज पाहायचं आहे.

आधी नदी. काळी गंडकी नेपाळच्या उत्तरेला मुस्तांगमध्ये उगम पावते आणि धवलगिरी व अन्नपूर्णा या दोन पर्वतांच्या मधून खाली उतरते. पुढे तिला नारायणी म्हणतात. पाटण्याजवळ ती गंगेला मिळते. वरच्या अंगाला, मुक्तिनाथ आणि जोमसोमच्या परिसरात, तिच्या वाळवंटात हे काळे गोटे मिळतात. मात्र ते मूळचे नदीतले नव्हेत. आजूबाजूच्या डोंगरांत काळ्या, पापुद्रे सुटणाऱ्या खडकाचे थर आहेत. स्टोलिच्का या भूशास्त्रज्ञाने 1860च्या दशकात हिमालयातल्या स्पिती खोऱ्यात या थरांचा अभ्यास केला, म्हणून त्यांना स्पिती शेल म्हणतात. हा खडक म्हणजे टेथिस समुद्राच्या तळाचा चिखल, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा. त्या समुद्रात अमोनाइट नावाचे प्राणी पोहत असत. शिंपला गुंडाळलेला, तोंडाशी भुजा. आजच्या माकूळ आणि अष्टपादाचे ते नातलग. प्राणी मेला की शिंपला तळाच्या चिखलात रुते, त्याच्याभोवती खनिजं साचत आणि गोळा घट्ट होई. पुढे समुद्र मिटला, तळाचा डोंगर झाला. शेल ठिसूळ, तो हाताने मोडतो. गोळा टणक, तो टिकतो. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी त्याला पात्रात आणून सोडतं.

आता ओळखायचं कसं? पहिली खूण वेटोळ्याची. डास पळवायची कॉइल आठवा. तसं ते एकाच पातळीत गुंडाळलेलं असतं, त्यामुळे दोन्ही अंगांनी चक्र दिसतं. शंखाचं वेटोळं टोकाकडे चढत जातं, तसं इथे होत नाही. दुसरी खूण वळ्यांची. शिंपल्यावर आडव्या वळ्या असतात आणि पुष्कळ जातींत त्या बाहेरच्या कडेकडे जाताना दुभंगतात. तिसरी खूण सगळ्यात खात्रीची. शिंपल्याच्या आत पडदे घालून कप्पे केलेले असत. पडदा जिथे शिंपल्याला टेकतो तिथे कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी नागमोडी रेघ उमटते. नदीतल्या अकीक गोट्यावरही वर्तुळं दिसतात आणि हौशी माणूस तिथे हमखास फसतो. पण अकीकात नुसते पट्टे असतात. वळ्या नाहीत, कप्पे नाहीत.

मंडळी, ही बारकाईची नजर काही युरोपातून आलेली नाही. अग्निपुराणात आणि गरुडपुराणात शाळिग्रामाची लक्षणं दिली आहेत: चक्रं किती, द्वार कसं, रंग कोणता, रेषा कुठे. एक चक्र असेल तो सुदर्शन, दहा असतील तो दशावतार, बारा असतील तो द्वादशात्मा, त्याहून जास्त तो अनंत. ग्रंथांत मतभेदही आहेत. लक्ष्मीनारायणाला अग्निपुराण दोन चक्रं सांगतं, ब्रह्मवैवर्तपुराण चार. सोनेरी रेषांचा तो हिरण्यगर्भ. त्या काळ्या शेलमध्ये मूळचं सुवर्णमाक्षिक असतं, तेच चमकतं. म्हणजे पंचायतनातली देवी कधी कधी विष्णूच्या अंगावरच सापडते! आणि शाळिग्रामपूजा किती जुनी म्हणाल, तर शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात दृष्टांत देतात तो शाळिग्रामातल्या हरीचा. दृष्टांत माहितीतल्या गोष्टीचाच देतात.

सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने 1782 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात लिहिलं की शाळिग्राम हा अमोनच्या शिंगाच्या जातीचा दगड झालेला शिंपला आहे. हा अमोन कोण? इजिप्तचा मेंढ्याच्या शिंगांचा देव. म्हणजे शास्त्रीय नावातही देव आहेच. इंग्लंडातल्या व्हिटबीला तर लोक याला साध्वी हिल्डाने दगड केलेला साप समजत आणि विक्रीसाठी त्याला सापाचं तोंड कोरत. पुढे ऊलिग यांनी 1903 ते 1910 या काळात स्पिती शेलच्या जीवाश्मांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातले कित्येक अमोनाइट आपल्या देवघरांतल्या मंडळींचे सख्खे भाऊ.

श्रद्धा एकीकडे, विज्ञान दुसरीकडे, अशी गोष्ट इथे सांगणं सोपं आहे. आम्हाला ती पटत नाही, आणि त्याला कारण वज्रकीट. परंपरा सांगते की वज्रासारख्या दातांचा एक किडा दगडात शिरतो आणि आत चक्रं कोरतो. नीट ऐका. हा आकार एका सजीवाने केला आहे, एवढं त्या लोकांना दिसलं होतं. फक्त क्रम उलटा झाला. प्राणी दगडात शिरला नाही, दगड प्राण्याभोवती झाला.

आता आपल्या गोदावरीकडे येऊ. घर लहान होतं, मुलं परदेशी जातात, पंचायतन कुणी घ्यायचं हा प्रश्न पडतो आणि देव नदीत सोडले जातात. समजा, पन्नास वर्षांनी कुणाला नाशिकच्या वाळूत हा काळा गोटा मिळाला. तिथला खडक म्हणजे दख्खनचा लाव्हा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. जुरासिक समुद्राचा थर त्या पात्रात नाही. तेव्हा शाळिग्राम तिथे वाहत आला नाही, कुणाच्या तरी ओंजळीतून आला. म्हणून नदीकाठी काही सापडलं की वस्तूआधी नदीचा खडक विचारावा. आणि घरचे देव सोडायचेच असतील, तर ते कुणी, कुठून, कधी आणले हे आजीला विचारून एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. ती चिठ्ठी गेली की दगडाकडे फक्त 15 कोटी वर्षांपूर्वीचा इतिहास उरतो, गेल्या दीडशे वर्षांचा पुसला जातो.

समोरून चिठ्ठी आली आहे: ‘आत अमोनाइट आहे का, हे फोडून बघावं का?’ नको. द्वार असलेली बाजू ओली करा, दिवा तिरपा धरा, भिंगातून बघा. कोरड्या दगडावर न दिसणाऱ्या रेघा पाण्याने उठून दिसतात. रोज अभिषेक करणाऱ्यांना त्या कधीच दिसल्या असतील.