कर्करोग आणि मूळपेशी

शरीरातील विविध पेशी ज्यांच्यापासून तयार होतात, त्यांना मूळपेशी अर्थात स्टेम सेल म्हणतात. हाडांतील मज्जेमध्ये असलेल्या मूळपेशी आयुष्यभर रक्त निर्माण करीत असतात. रक्ताच्या काही कर्करोगांवरील उपचार याच पेशींवर आधारलेला आहे.

भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. रक्ताचा कर्करोग झालेल्या ९ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. डॉ. सुरेश अडवाणी यांनी हा उपचार केला. त्यांनी या तंत्राचे शिक्षण अमेरिकेत सिएटल येथे घेतले होते. तेथे हे तंत्र विकसित करणारे डॉ. डोनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाला केमोथेरपीची मोठी मात्रा दिली जाते. त्यामुळे कर्करोगाच्या पेशींबरोबर निरोगी मज्जाही नष्ट होते. त्यानंतर दात्याच्या मूळपेशी शिरेवाटे दिल्या जातात. त्या हाडांत स्थिरावून साधारणतः दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त तयार करू लागतात. दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी उरलेल्या कर्करोगपेशींचाही नाश करतात. मात्र त्याच पेशी रुग्णाची त्वचा, यकृत व आतडे यांवर हल्ला करण्याचा धोका असतो. सख्ख्या भावंडाशी ऊतींचे गुणधर्म पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. मल्टिपल मायलोमासारख्या आजारात रुग्णाच्या स्वतःच्याच मूळपेशी साठवून ठेवून नंतर परत दिल्या जातात.

मूळपेशींचा कर्करोगाशी आणखी एक संबंध आहे. कॅनडातील डॉ. जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवून दिले की, एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात मूळपेशींसारख्या मोजक्याच पेशी आजार नव्याने सुरू करू शकतात. अशा पेशी औषधांना दाद न देता टिकून राहिल्यास आजार उलटतो, असे मानले जाते. त्यांना नष्ट करणाऱ्या औषधांचा शोध सुरू आहे.

मूळपेशींच्या नावाने अनेक उपचारांची जाहिरात केली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्त निर्माण करणाऱ्या मूळपेशींचे ठराविक आजारांतील प्रत्यारोपण हाच मान्य उपचार असून, अन्य वापर केवळ मंजूर चाचण्यांमध्येच करता येतो. त्यामुळे अशा उपचारासाठी पैसे भरण्यापूर्वी तो मान्य यादीत आहे का, याची कर्करोगतज्ज्ञांकडून खात्री करून घेणे रुग्णाच्या हिताचे ठरते.