चाळशी, कन्नडक आणि आमचे चष्मेवाले

माझ्या लहानपणी बेळगावच्या बाजारात चष्म्याचे एक अरुंद दुकान होते. मालक स्वतःच नंबर काढीत आणि मागच्या खोलीत दगडी चाकावर स्वतःच काचा घासून फ्रेममध्ये बसवीत. गिऱ्हाईक खुर्चीवर टेकले की ते विचारीत, "काय वाचता? मराठी की कन्नड?" आणि त्याप्रमाणे बारीक अक्षरांचे कार्ड हाती देत. आपल्याकडे या प्रश्नावरून काय काय घडले ते वाचकांना सांगायला नको. त्या खुर्चीत मात्र तो निव्वळ कामाचा प्रश्न होता.

या वस्तूची नावेही गमतीची आहेत. 'चष्मा' हा फारसी 'चश्म' म्हणजे डोळा यावरून आला. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले भिंग ताठर होते आणि पोथी हातभर लांब धरावी लागते, म्हणून आपण 'चाळशी' म्हणू लागलो. कन्नडमध्ये चाळीसला 'नलवत्तु' म्हणतात, तरीही उत्तर कर्नाटकातली जुनी माणसे चष्म्याला 'चाळीसु' म्हणत! प्रमाण कन्नड शब्द 'कन्नडक'. त्याचा संबंध भाषेशी नाही, 'कन्नडी' म्हणजे आरशाशी आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी हिंदुस्थानातील चष्म्याचा इतिहास धुंडाळला. त्यांना एक जुना दाखला मिळाला तो विजयनगरचा. सोमनाथ कवीच्या 'व्यासयोगिचरित' या संस्कृत चरित्रात माध्व आचार्य व्यासराय (निधन १५३९) चष्मा लावून ग्रंथ वाचताना दिसतात. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांनी घेतले होते, आणि चष्मा त्यांच्याबरोबर आला असे गोडे यांचे मत. तसे असेल तर घाट चढून आलेली ती परदेशी काच कानडी मुलखातल्या संस्कृत पोथीवर विसावली म्हणायची.

पुढे कित्येक पिढ्या तयार चष्मे एकामागून एक नाकावर ठेवून पाहायचे आणि ज्यातून दिसेल तो घ्यायचा, हीच रीत होती. १८६२ मध्ये उत्रेख्तच्या स्नेलेन या डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता काढला आणि दृष्टी मोजता येऊ लागली. पण तक्ता सहा मीटरवर हवा, आणि आमचे दुकान जेमतेम दहा फूट खोल! त्यावरचा तोडगा असा, की उलट्या अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगायचा आणि समोर आरसा लावायचा. आरशात अक्षरे सुलटी होत आणि अंतर दुप्पट. कन्नडक आणि कन्नडी यांची गाठ मला तिथे पडली.

ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी चारी दिशांना तोंडे केलेल्या इंग्रजी 'ई'चा तक्ता असे. तोंड कुठे ते हाताने दाखवायचे. जवळच्या नंबरासाठी मालक सुईदोरा देत. एक आजीबाई मराठी कार्डावर गप्प राहिल्या, कन्नड कार्डावरही गप्प राहिल्या. मालकांनी काही न बोलता दोन्ही कार्डे खणात टाकली आणि सुई पुढे केली. चारचौघांत कुणाला अडाणी ठरू द्यायचे नाही हे त्या दुकानात पाळले जाई.

आम्हा शिक्षकांना हे कुठे जमते? १९९५ साली मी नवखा मास्तर होतो. वर्गात कन्नड घरातला एक मुलगा होता. फळ्यावरचे मराठी त्याला उतरवता येईना. भाषाच समजत नाही, असे ठरवून मी त्याला शेवटच्या बाकावर बसवले. वर्षभर तो तिथेच होता. सुट्टीत त्याच्या मामांनी त्याला त्या दुकानात नेले. नंबर निघाला उणे तीन. जूनमध्ये तो चष्मा लावून आला, मला न विचारता पहिल्या बाकावर बसला आणि फळ्यावरची माझी ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्याने उभे राहून दाखवली.