टाक्यामागचं नाव

आमच्या अंजूरपासून भिवंडी जवळच. तिथल्या यंत्रमागांवर कापडाचा हिशेब मीटरमध्ये होतो. ज्या कापडाचा हिशेब महिन्यांत करावा लागतो, त्याविषयी आज थोडं बोलू या.

पंजाबची फुलकारी आपण ऐकून असतो. जाड खादीच्या उलट्या बाजूनं, धागे मोजत मोजत रेशमाचे टाके घालायचे. नातीच्या लग्नासाठी आजी अख्खी 'बाग' भरायची. ती विकण्यासाठी नसायची. १९४७ च्या फाळणीत घरं उठली आणि हा रिवाजही विस्कटला.

मुंबईच्या पारशी घरांतला 'गारा' असाच लग्नाकार्याचा. आकाशातून पडतात त्या गारा नव्हेत, ही भरतकामाची रेशमी साडी! तिचा जन्म मात्र व्यापारातला. सर जमशेटजी जीजीभॉय (१७८३–१८५९) यांच्यासारखे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन चीनला जात. येताना तिथल्या कारागिरांनी भरलेलं रेशीम येई. त्यावर करकोचे, फुलं, पॅगोडे. ठिपक्यांच्या एका नक्षीला पारशी बायकांनी चक्क 'कांदा-पापेटा' म्हणजे कांदा-बटाटा असं नाव देऊन ती आपल्या स्वयंपाकघरात आणली. साडी विरली की तिचा काठ, म्हणजे 'कोर', उसवून नव्या साडीला लावायचा. कला जपण्याची ही साधी, घरगुती रीत होती.

पुढे चीनचा माल येईनासा झाला आणि गारे कपाटात गेले. १९९९ मध्ये युनेस्कोच्या साहाय्यानं सुरू झालेल्या 'पारझोर' प्रकल्पानं ही कला पुन्हा शिकवायला घेतली. आज पारशी समाजाबाहेरचे कारागीरही गारा भरतात.

आता फुलकारी आणि गारा, दोन्ही यंत्रावर निघतात. त्या स्वस्त साडीला मी नावं ठेवणार नाही. जिची ऐपत थोडी, तिनंही फुलं ल्यावीत. पण यंत्राचं काम हातकाम म्हणून विकलं गेलं, की हातानं भरणाऱ्याची मजुरी पडते. आणि मजुरी पडली, की तो आपल्या मुलाच्या हाती सुई देत नाही. कला संपते ती अशी.

गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपलं नाव गुंफतो. त्या चिनी कारागिरांचं, फुलकारी भरणाऱ्या आज्यांचं नाव कापडावर कुठंच नाही. आपण निदान एवढं करू शकतो, मित्रहो. साडी घेताना किंमत विचारतो, तसंच विचारावं : ही भरली कुणी, आणि त्याच्या हातात किती पडले?